मनगटावरचं सोनं

दिवाळीच्या आठवडाभर आधी एका मित्राचा फोन आला. आयटीतला, हिंजवडीवाला, बोनस नुकताच खात्यात पडलेला. डिसेंबरात लग्न. शेरवानी ठरली, हॉल ठरला, फोटोग्राफरशी भांडून झालं, आता फक्त घड्याळ उरलंय. म्हणाला, ‘तू लिहितेस ना असलं काहीबाही, मग पटकन सांग. सोन्याचं घेऊ की स्टीलचं? टिकायला कुठलं बरं?’

मी म्हटलं, ‘खामगावला चाललेय. आले की सांगते.’

‘खामगावला घड्याळं चांगली मिळतात का?’

नाही रे बाबा. खामगाव प्रसिद्ध आहे चांदीसाठी. आमच्याकडे लोक त्याला रजतनगरी म्हणतात, बाहेरगावचे लोक लग्नाच्या खरेदीला येतात. घड्याळं तिथे तीच मिळतात जी तुमच्या मॉलमध्ये मिळतात. पण आमच्या घरी कपाटात एक सोन्याचं घड्याळ होतं, आणि त्या घड्याळाशी माझं सात वर्षांचं भांडण होतं. ते मिटवल्याशिवाय मला या विषयावर तोंड उघडायचा हक्क नव्हता.

पण आधी मित्राचा प्रश्न घेऊ, कारण तो वाटतो तितका सोपा नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं : सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, म्हणजे ते जास्त टिकणार. निम्मं बरोबर आहे. सोन्याला हवा, पाणी, घाम यांचं काहीच देणंघेणं नसतं. पण टिकणं म्हणजे फक्त न गंजणं नव्हे. घड्याळ दाराच्या कडीला घासतं, लॅपटॉपच्या कडेवर दिवसभर रगडलं जातं, लोकलच्या दांड्याला आपटतं. तिथे कामाला येतो तो कठीणपणा. आणि शुद्ध सोनं हे या बाबतीत अगदी लोण्याचा गोळा. धातूंचा कठीणपणा मोजायची विकर्स नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर चोवीस कॅरेट सोन्याचा आकडा येतो 25 च्या आसपास. घड्याळांत वापरतात ते स्टील, ज्याला धंद्यात ‘316 एल’ म्हणतात, ते येतं साधारण 150 ते 200 वर.

म्हणूनच चोवीस कॅरेटचं घड्याळ सहसा कुणी करत नाही. करतात ते अठरा कॅरेटचं, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं आणि उरलेल्यात तांबं, चांदी वगैरे. केसच्या आत ‘750’ असा छाप असतो तो त्याचाच. आणि गंमत इथे आहे. ही भेसळ केली की सोन्याचा आकडा सव्वाशेच्या पुढे जातो, नीट ठोकून-दाबून घडवलं तर स्टीलच्या जवळपास पोचतो. म्हणजे ‘सोन्यावर ओरखडे पडतात, स्टीलवर पडत नाहीत’ हेही तसं खरं नाही. दोन्हींवर पडतात. तुमच्या मनगटावरच्या स्टीलच्या पट्ट्याचं बक्कल उजेडात धरून बघा, कॅरमबोर्डवर ब्लेड फिरवल्यासारखं दिसेल.

खरा फरक आहे वजनाचा आणि ताकदीचा. अठरा कॅरेटचं सोनं स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जड. एका घन सेंटीमीटरला साडेपंधरा ग्रॅम, स्टीलचे आठ. त्यामुळे हातातून निसटलं की ते आदळतंही जोरात, आणि कोपऱ्याला पोचा येतो. सोन्याच्या पट्ट्याच्या कड्या वर्षानुवर्षांत सैल होतात, पट्टा लोंबायला लागतो. स्टीलचा पट्टाही सैल होतो, पण त्याला फार जास्त वेळ लागतो. तांबूस सोनं, म्हणजे ते रोज गोल्ड की काय, त्यातल्या तांब्यामुळे खाऱ्या पाण्यात हळूहळू फिकं पडतं. रोलेक्सनं 2005 मध्ये त्यावर उपाय म्हणून मिश्रणात थोडं प्लॅटिनम घालायला सुरुवात केली.

स्टीलची कमाल ही की त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून एक अतिपातळ पापुद्रा तयार करतं. तो ओरखड्यानं निघाला तरी लगेच पुन्हा धरतो. फुकटात, आपोआप. त्याचा एकच वैरी म्हणजे मीठ. घामातलं मीठ पट्ट्याच्या सांध्यात, मागच्या झाकणाच्या खाचेत साचून बसलं की चांगलं स्टीलही बारीक बारीक खड्डे पडून खायला लागतं. म्हणून जिमहून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, एवढंच.

मीठ म्हटलं की आता मला गावाकडे जावंच लागतं.

माझ्या आईचं माहेर शेगाव तालुक्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. आमच्या बुलडाण्यापासून अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला. विहिरीचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. जमीन काळीभोर, पण ओलिताला पाणी वापरायची चोरी. आबा, म्हणजे आईचे वडील, कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी करणारे. त्यांनी 1991 च्या मे महिन्यात आईच्या लग्नात जावयाला सोन्याचं घड्याळ दिलं. हे आमच्या घरातलं पुराण आहे, मी शंभरदा ऐकलेलं. कापूस विकून आलेल्या पैशातून आबा स्वतः अकोल्याला गेले, दुकानात ताठ बसले आणि म्हणाले, ‘जावयाले द्यायचं हाये, सोन्याचं दाखवा.’ मांडवात बाबांच्या मनगटावर ते बांधलं तेव्हा सगळं गाव बघायला वाकलं होतं म्हणे.

घड्याळ होतं एचएमटीचं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये एक एचएमटी असेलच. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात ही सरकारी फॅक्टरी निघाली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मध्यमवर्गाच्या मनगटावर तिचंच राज्य होतं. पास झालास? एचएमटी. नोकरी लागली? एचएमटी. लग्न? तर हमखास एचएमटी, आणि तेही सोनेरी. कांचन नावाचं आपोआप चावी भरणारं होतं. आणि एक होतं अगदी चपटं, नाजूक, हातानं चावी द्यायचं. त्याचं नाव सोना. 2016 मध्ये सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा लोकांनी जुन्या दुकानांतून ही घड्याळं शोधून शोधून नेली.

आबांनी आणलं ते सोना.

बाबांनी ते फार वापरलं नाही. मला आठवतंय तेव्हापासून त्यांच्या हातात एक जाडजूड स्टीलचं घड्याळ. जिनिंगमध्ये हिशेबनीस होते ते. सीझनमध्ये तिथे हवेत रुईचे तंतू, अंगावर रुई, भुवयांवर रुई. आणि उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्री. ‘तिथे सोन्याचं कशाला झिजवायचं,’ असं म्हणायचे. सोना कपाटात, लाल मखमलीच्या डबीत. लग्नकार्याला बाहेर येई, तेही तासाभरासाठी, लांब बाहीच्या शर्टाखाली.

आता भांडण. 2018 साली मला पुण्यात मास कॉमला अ‍ॅडमिशन मिळाली. पहिल्या सेमिस्टरची फी भरायला साठेक हजार कमी पडत होते. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला एकतीस हजारांच्या आसपास होतं. आईनं सहज म्हटलं, ‘ते घड्याळ हाये ना. दोन तोळे तं भरंल.’ मी हिशेब केला : बरोब्बर साठ हजार. बाबा म्हणाले, ‘नाही.’ आई म्हणाली, पुढे घेऊ परत. बाबा म्हणाले, ‘घड्याळ इकायचं नाही म्हणजे नाही.’ आवाज चढवून. जे ते कधी करत नाहीत.

त्यांनी पतसंस्थेतून थोडं कर्ज काढलं आणि मोटरसायकल विकली. पंचावन्न वर्षांचा माणूस वर्षभर सायकलवर जिनिंगला जात होता. फी भरली गेली, मी पुण्याला आले, शिकले, लिहायला लागले. पण डोक्यात एक किडा राहिलाच : मुलीच्या शिक्षणापेक्षा यांना सासऱ्यानं दिलेलं घड्याळ मोठं. जावयाचा मान! मी कधी बोलून दाखवलं नाही. पण फोनवर ‘बाबांना देऊ का?’ असं आईनं विचारलं की मला नेमकी मीटिंग असायची.

तर या दिवाळीत मी ठरवलं होतं, मित्राच्या निमित्तानं ते घड्याळ बाहेर काढायचं, सराफाकडे नेऊन किती सोनं आहे ते काढायचं आणि या कॉलमसाठी लिहायचं. सोनं 2025 मध्ये तोळ्याला लाखाच्या पार गेलंय. दोन तोळे म्हणजे मस्त हेडलाइन. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरले, स्टेशनवर कचोरी हाणली (ती आधी, बाकी सगळं नंतर) आणि तासाभरात घरी. दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेल्यावर डबी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

सराफानं घड्याळ हातात घेतलं आणि घेताक्षणीच तो हसला. वजनावरूनच कळलं असणार. पण मी पत्रकार, मला पुरावा हवा. त्यानं काळा कसोटीचा दगड काढला, केसची कड त्यावर हलकीच ओढली. पिवळी रेघ उमटली. शेजारी स्वतःच्या अंगठीची एक रेघ ओढली. दोन्हींवर अ‍ॅसिडचा थेंब. अंगठीची रेघ तशीच. आमची रेघ डोळ्यांदेखत पुसली गेली.

‘पितळ आहे ताई. वरून मुलामा.’

मग त्यानं भिंगातून मला दाखवलं. पट्टा जिथे अडकतो त्या चारही कोपऱ्यांवर आणि चावीच्या कडेला मुलामा पार उडालेला होता. खालून वेगळाच, किंचित हिरवट पिवळा रंग डोकावत होता. इतकी वर्षं मी ते घड्याळ बघत होते, पण कधी हातात घेऊन असं बघितलंच नव्हतं. बघू दिलंच नव्हतं.

यात फसवाफसवी कुणाचीच नाही, हे मी आधीच सांगते. सोना हे घड्याळ मुलाम्याचंच होतं, तसंच विकलं जायचं. नाव सोना, रंग सोन्याचा, एवढंच. आबांनी ‘सोन्याचं दाखवा’ म्हटलं, समोर ‘सोना’ आलं. डबीवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. की किंमत ऐकून त्यांना कळलं होतं, आणि तरीही गावात त्यांनी सोन्याचं म्हणूनच सांगितलं? ते आता कुणाला विचारणार? आबा 2006 मध्ये गेले.

इथे मित्रांनो, तुमच्या खिशाच्या कामाची गोष्ट. बाजारात जी ‘सोनेरी’ घड्याळं दिसतात त्यांतली बहुतेक या मुलाम्याच्या जातीची. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस म्हणजे साधारण सत्तर मायक्रॉन. जुन्या चांगल्या स्विस घड्याळांवर दहा-वीस मायक्रॉनचा थर असायचा, मागे तसा छापही असे. स्वस्तातल्या गिलिटाचा थर एक मायक्रॉनही नसतो. तो घासून जातोच, विशेषतः कोपऱ्यांवर. आणि थर गेला की खालचं पितळ घामाशी थेट भेटतं. पितळेतल्या तांब्याचा हिरवा डाग मनगटावर उमटतो. मधे निकेलचा थर असेल तर काहींना पुरळही येतं. हल्ली चांगल्या कंपन्या स्टीलवर पीव्हीडी नावाच्या पद्धतीनं सोनेरी थर बसवतात. त्यात बहुतेकदा टायटॅनियम नायट्राइड असतं, ते चांगलंच कठीण. मुलाम्यापेक्षा कितीतरी बरं. पण खोल ओरखडा पडला तर तिथे खालचं स्टील दिसणारच, आणि तेवढाच भाग पुन्हा रंगवता येत नाही.

दुसरी गोची स्टीलवाल्यांची. घड्याळाच्या पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असतं. आपण खूश. बॉस, त्याचा अर्थ तेवढाच : पाठ स्टीलची. पुढची केस क्रोम चढवलेलं पितळ असू शकतं. केसही स्टीलची आहे का, ते दुकानात स्पष्ट विचारा.

आणि अस्सल सोन्याचंच घ्यायचं असेल तर आणखी एक. 2021 पासून दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, पण घड्याळांना त्यातून सूट आहे. तेव्हा 750 चा छाप, कंपनीचं सर्टिफिकेट आणि पक्कं बिल, हे तिन्ही घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

घरी आले. बाबा ओसरीत बसले होते. मी डबी समोर ठेवली. त्यांनी एकदा डबीकडे बघितलं, एकदा आत स्वयंपाकघराकडे, जिथे आई चकल्या तळत होती.

‘दुकानात नेलं होतं?’ हळू आवाजात.

‘हो.’

‘पितळ हाये ते. मले दुसऱ्या उन्हाळ्यातच समजलं होतं. हातावर हिरवं वळ उठे.’

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

‘कोनाले सांगू? तुह्या आबानं साऱ्या गावाले सांगतलं होतं, जावयाले सोन्याचं देल्लं म्हणून. तुह्या मायनं मैत्रिणीले सांगतलं. तो माणूस दरवर्षी दिवाळीले आला का पहिले माह्या हाताकडे पाहे.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तुह्या फीच्या वक्ताले ते सराफाकडे गेलं असतं, अन् तो म्हणला असता पितळ, मंग? तुही माय आबाच्या नावानं रडली असती. गाडी इकली तं कोनाचं नाक कापल्या जात नाही.’

मला काही बोलता आलं नाही. चौतीस वर्षं. त्यातली सात मी त्यांच्यावर रुसून काढलेली. मी फक्त विचारलं, ‘सायकलनं गुडघे दुखत असतील ना तेव्हा?’ ते म्हणाले, ‘दुखत होते थोडे.’ आणि पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळ एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. मागचं झाकण उघडलं तर आतलं मशीन ठणठणीत. तेल सुकलेलं, थोडी धूळ, बाकी काही नाही. त्यानं दोन दिवस मागितले, सगळं खोलून साफ केलं, तेल दिलं, चावी भरली आणि ते टिकटिकायला लागलं. म्हणाला, ‘केसला नवा मुलामा द्यायचा का? नव्यासारखं करून देतो.’ मी नको म्हटलं. नवा तांबडा पट्टा तेवढा टाकला, जरा रुंद, कोपरे झाकतील असा.

म्हणजे बघा, घड्याळ टिकतं ते आतून. केस सोन्याची की स्टीलची, आतल्या मशीनला फरक पडत नाही. त्याला हवं वेळेवर तेलपाणी आणि पाणी आत जाऊ न देणारी रबरी रिंग. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग केलंत तर दोन्ही तुमच्या नातवापर्यंत जातील. याच्या उलट उदाहरण ऐकायचंय? अ‍ॅपलनं 2015 मध्ये अठरा कॅरेट सोन्याचं वॉच काढलं होतं, दहा हजार डॉलरपासून पुढे. 2018 मध्ये नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा या पहिल्या पिढीच्या घड्याळांना ते मिळालंच नाही. सोनं मात्र अजून झळकतंय.

आणि स्टील म्हणजे गरिबाचं, सोनं म्हणजे श्रीमंताचं, हा फंडाही जुना झाला. 1972 मध्ये ओडमार पिगे या स्विस कंपनीनं रॉयल ओक नावाचं स्टीलचं घड्याळ आणलं आणि त्याची किंमत लावली भल्याभल्या सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. लोक आधी हसले. आज त्याच्यासाठी लोक वाट बघत बसतात.

तर मित्राला मी सांगितलं : रोज घालायचं असेल, ऑफिस, बाइक, ट्रेक, सगळीकडे, तर डोळे मिटून पूर्ण स्टील घे. चार प्रसंगांना घालायचं असेल आणि खिशाला झेपत असेल तर अस्सल सोनं घे. ते जपलंस तर काही होत नाही त्याला, आणि झालं तरी धातूला भाव आहे. (घड्याळ मोडीत काढताना मजुरी आणि नाव दोन्ही बुडतं, हे धरून चाल.) मुलाम्याचं घ्यायचं तर मुलाम्याचं आहे हे माहीत असताना घे. आणि सासऱ्यांकडून काही मागू नकोस. हे त्यानं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

भाऊबीजेला मामा आला. आईनं ओवाळलं, जेवणं झाली. बाबांनी त्या दिवशी सकाळपासून सोना घातलं होतं, अर्ध्या बाहीच्या शर्टावर. मामाच्या नजरेत आलंच.

‘भाऊजी, आबाचं घड्याळ! चालते अजून?’

‘चालते ना. पोरीनं नीट करून आणलं.’

‘पाहू द्या बरं,’ म्हणत मामानं हात पुढे केला. बाबा क्षणभर घुटमळले, पण काढून देण्यावाचून इलाज नव्हता. मामानं ते कानाला लावलं, खूश झाला, मग पट्टा बाजूला सारून केस नीट बघायला डोळ्यांजवळ नेलं.

तेवढ्यात आई आली आणि तिनं ते त्याच्या हातातून सरळ काढून घेतलं. ‘तेलकट हात हायेत तुहे. सोन्याचं हाये ते.’ तिनं ते पदरानं पुसलं आणि स्वतः बाबांच्या हातावर बांधलं. बक्कल लावताना तिचा अंगठा पट्ट्याच्या कोपऱ्यावर होता, नेमका तिथे जिथून मुलामा गेलाय. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. ती मामाला विचारत होती, चहा घेतोस का कॉफी.

मित्रानं स्टीलचं घेतलं. काल फोटो पाठवला.